हॅमर टेस्टची कुळकथा

ऑफिसांची इमारत असो, मॉल असो की गोदाम, स्ट्रक्चरल ऑडिटला आलेला अभियंता आधी साध्या हातोडीने कॉलम ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर पुढे सरकतो. बद्द आला की तिथे खडूने गोल करतो, कारण गिलावा किंवा सळीवरचं काँक्रीट आतून सुटलेलं असतं. मग पिशवीतून एक जाडसर धातूची नळी निघते. तिची दांडी कॉलमवर काटकोनात टेकवून तो दाबत जातो, दांडी आत शिरते, खटका सुटतो, टक् असा आवाज होतो आणि पट्टीवर आकडा दिसतो. अहवालात ‘रिबाउंड हॅमर टेस्ट’ म्हणून छापलं जातं ते हेच.

या नळीचं मूळ काँक्रीटात नाही, पोलादात आहे. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादावर कडक गोळी दाबून, पडलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजायची रीत दाखवली. काही वर्षांतच अमेरिकेत अल्बर्ट शोअर यांनी वेगळी वाट काढली. हिऱ्याचं टोक असलेलं छोटं वजन धातूवर सोडायचं आणि ते किती उसळतं ते पाहायचं. काँक्रीटवाले आधी ब्रिनेलच्याच मागे गेले. १९३० च्या दशकात जर्मनीत काँक्रीटवर खळगे पाडणारी उपकरणं निघाली. उसळी काँक्रीटवर आणली ती स्वित्झर्लंडच्या एर्न्स्ट श्मिट यांनी, १९४८ च्या सुमारास. त्यांनी वजनामागे स्प्रिंग बसवली, त्यामुळे उभा कॉलम काय, डोक्यावरचा स्लॅब काय, कुठेही ठोका मारता येऊ लागला. नेहमीच्या हॅमरचा ठोका २.२०७ न्यूटन-मीटर ऊर्जेचा असतो. काँक्रीट न फोडता त्याची विचारपूस करायची सोय झाली, आणि मला हा शोध खरोखर थोर वाटतो.

पण हॅमर बोलतो तो पृष्ठभागाबद्दल. जुन्या इमारतीत इथेच घात होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटात मुरतो आणि त्यातल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. वरचा थर त्याने टणक होतो, उसळी वाढते, आकडा चांगला येतो. त्याच क्रियेने काँक्रीटाची अल्कता मात्र उतरते, आणि सळीला गंजापासून जपते ती अल्कताच. म्हणजे सळी उघडी पडत चालली असताना हॅमर कॉलमची तारीफ करत असतो! म्हणून थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन शिंपडतात. गुलाबी झालं तर अल्कता शाबूत, रंग आला नाही तर गेली. रंगहीन पट्टा सळीपर्यंत पोचला असेल तर हॅमरच्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

हॅमर टेस्टसाठी भारतीय मानक आयएस १३३११ चा दुसरा भाग १९९२ मध्ये आला. हॅमरवरून काढलेल्या मजबुतीत २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, असं त्यातच स्पष्ट लिहिलं होतं. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षं उलटलेल्या इमारतींची तपासणी बंधनकारक आहे. अशा तपासणीत सगळा निकाल एकट्या हॅमरवर लावलेला अहवाल समोर आला तर मालकाने तो परत पाठवावा.

हॅमरला जोडीदार मिळाला तोही त्याच काळातला. १९४० च्या दशकात कॅनडा आणि इंग्लंडमध्ये काँक्रीटातून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजायला सुरुवात झाली होती. लहर आरपार जात असल्याने आतली पोकळी आणि भेगा तिला कळतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट उत्तम, बराच खाली गेला की शंकास्पद. पुढे रुमानियातल्या अभियंत्यांनी दोन्ही आकडे एकत्र वाचायची पद्धत बसवली. काँक्रीट ओलं असलं की हॅमरचा आकडा उतरतो आणि लहरीचा वेग चढतो, त्यामुळे एकाची चूक दुसरा बरीचशी भरून काढतो. ऐन पावसाळ्यात ऑडिट करावं लागतं तेव्हा ही जोडी फार उपयोगी पडते.