आधी थांबा, मग दुकान

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा न्यूयॉर्कहून युरोपला निघालेल्या विमानाला अटलांटिक महासागर एका दमात ओलांडता येत नव्हता. पंख्यांची ती विमाने न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला उतरून टाक्या भरून घेत आणि समुद्र पार होताच आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, शॅननला पुन्हा खाली येत. इंधन भरेपर्यंत प्रवाशांना विमानाबाहेर काढले जाई. खिशात डॉलर, हातात रिकामा वेळ आणि खिडकीबाहेर बहुधा पाऊस. अशा माणसाला काय विकता येईल, हा प्रश्न ब्रेंडन ओरेगन या गृहस्थाला पडला आणि त्यातून एक जागतिक धंदा उभा राहिला.

ओरेगन तिथल्या विमानतळावर खानपानाची व्यवस्था पाहत असे. त्याआधी जवळच्याच फॉइन्सला पाण्यावर उतरणारी विमाने येत. तिथल्या जो शेरिडन नावाच्या आचाऱ्याने गारठलेल्या प्रवाशांसाठी कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडली, तीच पुढे जगभर गाजलेली आयरिश कॉफी. ओरेगनचा मुद्दा मात्र पेयाचा नव्हता, कायद्याचा होता. विमानतळावर थांबलेला हा प्रवासी आयर्लंडमध्ये शिरलेलाच नाही, मग त्याच्याकडून आयरिश सरकारने जकात का घ्यावी? भर समुद्रात बोटीवर करमुक्त दारू मिळतेच. मग विमानतळाचा एवढा तुकडाही समुद्र मानायला काय हरकत आहे? आयर्लंडच्या संसदेने 1947 मध्ये तसा कायदा केला आणि जगातले पहिले ड्युटी फ्री विमानतळ अस्तित्वात आले. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे पाहुणा तृप्त आणि दोन्ही घरचे वसुलीवाले उपाशी!

ही चैन फार काळ टिकणार नव्हती. 1958 मध्ये अटलांटिकवरून जेट विमाने उडू लागली आणि थोड्याच वर्षांत शॅननला उतरण्याची गरज कमी होत जाणार हे स्पष्ट झाले. ओरेगनने पुढचाच डाव टाकला: विमाने नाही थांबली तर कारखाने थांबवू. 1959 मध्ये विमानतळाला लागून करसवलतीचे औद्योगिक क्षेत्र सुरू झाले. ते पाहायला पुढे देशोदेशीचे अधिकारी येऊ लागले. 1980 मध्ये आलेल्या चिनी पाहुण्यांत ज्यांग झमिन होते, पुढे चीनचे राष्ट्राध्यक्ष झालेले.

दुकानाची कल्पना तोवर पॅसिफिकला पोहोचली होती, तीही एका आयरिश वंशाच्या अमेरिकन माणसामुळे. चक फीनी हा न्यूजर्सीच्या साध्या घरातला मुलगा. माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर तो कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापन शिकला. पुढे भूमध्य समुद्रातल्या बंदरांत अमेरिकी नौसैनिकांना करमुक्त दारू विकताना त्याला रॉबर्ट मिलर हा कॉर्नेलचाच भागीदार मिळाला. 1960 मध्ये दोघांनी हाँगकाँगमध्ये बस्तान बसवले. त्यांची कंपनी पुढे ड्युटी फ्री शॉपर्स, म्हणजे डीएफएस. वर्षभरात वॉशिंग्टनने घाव घातला: परदेशातून परतणाऱ्या अमेरिकनाला 500 डॉलरचा माल करमुक्त आणता येई, ती मर्यादा 1961 मध्ये 100 डॉलरवर आली. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या जिवावर उभा असलेला धंदा आटणार, असेच कुणालाही वाटले असते.

तारले ते जपानने. 1 एप्रिल 1964 पर्यंत जपानी माणसाला निव्वळ हौसेखातर परदेशी जाण्याची मुभा नव्हती. ती मिळाली आणि हाँगकाँग, होनोलुलूला जपानी सहलींची रीघ लागली. जपानमध्ये परदेशी व्हिस्की-कोन्याकवर जबर कर होता, मात्र प्रवाशाला तीन बाटल्या सोबत नेता येत. शिवाय घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, कचेरीतल्या वरिष्ठांसाठी भेट आणल्याशिवाय परतणे तिकडे शोभत नाही. पंढरपूरहून आलेला वारकरी चुरमुरे-बुक्का वाटतो, तशीच ही ओमियागेची रीत. फरक इतकाच, की इथला प्रसाद फ्रान्समध्ये बाटलीबंद झालेला असे. फीनीने दुकानांत जपानी बोलणाऱ्या मुली नेमल्या, सहल कंपन्यांशी दलाली ठरवली, आणि पर्यटकांच्या बसगाड्या दुकानाच्या दाराशी येऊन लागू लागल्या.

ड्युटी फ्री मॉलचा जन्म याच गर्दीतून झाला. विमानतळावर जागा अपुरी आणि प्रवाशाच्या हातात जेमतेम तासभर. मग दुकानच शहरात, पर्यटकांच्या हॉटेलांजवळ का नसावे? अडचण कराची होती, कारण माल देशाबाहेर गेला याची खातरजमा सरकारला हवी. तोड सोपी निघाली: होनोलुलूच्या वायकिकीत माल पाहायचा, पसंत करायचा, पैसे भरायचे, पिशवी मात्र हाती पडणार विमानात चढण्यापूर्वी. हातात तासाऐवजी आख्खी दुपार आली, तसा बाटल्यांच्या फडताळांशेजारी घड्याळे, अत्तरे, चामड्याच्या पर्सा असा सरंजाम वाढत गेला. ‘गॅलेरिया’ नावाची डीएफएसची झगमगती दालने ही या सोयीची संतती.

या झगमगाटाचा मालक स्वतः प्लॅस्टिकचे स्वस्त घड्याळ वापरी आणि विमानाच्या साध्या वर्गातून प्रवास करी. 1984 मध्ये फीनीने कंपनीतला आपला हिस्सा गुपचूप दानसंस्थेच्या नावे केला होता. लुई व्हितॉंच्या मालकांनी, म्हणजे एलव्हीएमएच समूहाने, कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला तेव्हा 1997 मध्ये ही गोष्ट फुटली. संस्थेने एकूण 8 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. त्यातला घसघशीत वाटा शॅननजवळच्या लिमरिक विद्यापीठाला मिळाला. ऐषआरामी वस्तूंच्या व्यापाराबद्दल नाक मुरडणाऱ्यालाही इथे जरा थबकावे लागते.

शॅननची माणसेही जगभर पांगली. दुबईचे दालन 20 डिसेंबर 1983 रोजी उघडले ते आयरिश चमूच्या मदतीने. त्यातले कोल्म मॅकलॉक्लिन काही महिन्यांसाठी आले आणि चार दशके राहिले. आखातातून मुंबईला परतणाऱ्या माणसाच्या बॅगेतली अत्तरे आणि चॉकलेटे कित्येकदा याच दालनातली. आपल्याकडची सवलत आणखी वेगळी: भारतात उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याशेजारीही करमुक्त खरेदी करता येते. दोन लिटर दारूची मर्यादा ज्यांना तोंडपाठ आहे, अशी न पिणारी माणसेही मुंबईत सापडतील. मित्र कुणाला चुकले आहेत!

युरोपात मात्र गंमत उलटी झाली. सदस्य देशांमध्ये सीमाच उरली नाही तर सीमेवरची सवलत कशाला, असा रोकडा हिशेब करून युरोपीय संघाने 1 जुलै 1999 पासून आपल्या अंतर्गत प्रवासातली ड्युटी फ्री बंद केली. स्टॉकहोम-हेलसिंकी बोटींवर तर खरेदी हाच अर्धा प्रवास होता. पण वाटेत आलंद नावाची फिनलंडची स्वायत्त बेटे आहेत, आणि ती संघाच्या करक्षेत्राबाहेर राहिली आहेत. त्यामुळे या अवाढव्य बोटी तिथे धक्क्याला लागतात, बऱ्याचदा ऐन रात्री, थोडा वेळ टेकतात आणि निघतात. तेवढ्याने बोटीवरची विक्री कायदेशीर ठरते. शॅननला थांबा होता म्हणून दुकान निघाले. इथे दुकान टिकावे म्हणून थांबा.

चीनने याच्याही पुढची मजल मारली. दक्षिणेच्या हायनान बेटावर 2011 पासून खुद्द चिनी नागरिकांनाही करमुक्त खरेदीची मुभा आहे. 2020 मध्ये माणशी वार्षिक मर्यादा 30,000 वरून 1 लाख युआन झाली, आणि दोन वर्षांनी हायकोऊ शहरात या धंद्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलांपैकी एक उघडला. मॉलमध्ये खरेदी, विमानतळावर ताबा ही वायकिकीची पद्धत इथेही रुळली. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. ओळखपत्र आणि बेटाबाहेर, अगदी शांघायलाही, जाणारे तिकीट पुरते.