फळी कोरडी तर धान्य सुरक्षित

आम्ही कुर्ल्यात बचत गटांचं काम करतो. आज स्वयंपाकघरातल्या फळीचा इतिहास सांगायचा आहे. फळीला कसला आलाय इतिहास, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका तर खरं.

१८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्यातली एक गिरणी विकत घेतली. तीच पुढे स्वदेशी मिल म्हणून ओळखली गेली. अशा गिरण्यांसाठी कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईत आली. गावी कणगी होती, उतरंड होती, शिंकं होतं. चाळीतल्या एका खोलीत या सगळ्यांची जागा भिंतीवरच्या फळीने घेतली. महिन्याचं धान्य तिच्यावरच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी बंदराजवळची, धान्याच्या वखारींची वस्ती. जिथे धान्य, तिथे उंदीर. हजारो लोक मुंबई सोडून गावी पळाले. सरकारने घरं धुतली, चुना लावला, पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं. म्हणजे उघडं धान्य आणि सांडलेले दाणे ही उंदराला दिलेली आवतणंच होती.

दुसरा धडा पाण्याने दिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन येणारी मिठी नदी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. खाली ठेवलेलं धान्य आणि कागदपत्रं भिजली. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोचे रोगी वाढले. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात.

गाव असो की शहर, आपल्याला करायचं ते एकच. पावसाळ्याआधी फळी रिकामी करावी, धुवावी, उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण सुकवावी. डब्यांची बुडं पुसावीत. भिंतीला ओल येत असेल तर डबे भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावेत. फळीवरचा कागद दमट झाला की बदलावा. धान्य उन्हात वाळवून, गार झाल्यावरच डब्यात भरावं. गरम भरलं तर आत घाम सुटतो. झाकण घट्ट लावावं. धान्य आणि रेशनकार्ड वरच्या फळीवर ठेवावं.

शेंगदाण्यांना किंवा मक्याला बुरशी आली तर धुऊन, भाजून वापरू नका. त्यातलं विष शिजवूनही पुरतं जात नाही आणि यकृताला बाधतं. ते गुरांनाही घालू नका.

हे काम घरातल्या एकट्या बाईचं नाही. डबे उतरवायला घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही हाक मारा. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या फळीला ओल आहे?