आरोग्य कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान (कर्जत व खालापूर तालुके)

कार्यसमाधान म्हणजे आपल्या कामाविषयी आणि ते ज्या परिस्थितीत करावे लागते तिच्याविषयी कर्मचाऱ्याच्या मनात असलेला अनुकूल भाव. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या डोंगराळ तालुक्यांतील शासकीय आरोग्यसेवेत मोबदला, अंतर, सेवेची शाश्वती आणि लोकांचा विश्वास हे त्यावर परिणाम करणारे प्रमुख घटक होत.

सैद्धान्तिक आधार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धान्तानुसार समाधान व असमाधान यांची कारणे वेगवेगळी असतात. कार्यसिद्धी, जबाबदारी व गौरव यांतून समाधान लाभते. अपुरे वेतन व प्रतिकूल कार्यस्थिती यांतून असमाधान वाढते. म्हणून एकाच व्यक्तीला काम प्रिय आणि सेवाशर्ती जाचक वाटू शकतात.

स्थानिक परिस्थिती

दोन्ही तालुक्यांत ठाकर व कातकरी समाजांच्या अनेक वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५,०००, तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे; मात्र त्यात पायवाटेची चढण मोजली जात नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाहनाचा रस्ता नसल्याने बचावपथकांना पायी चढून जावे लागले. पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. त्यामुळे लसीकरण व गरोदर मातांच्या तपासणीचा पाठपुरावा खंडित होतो.

आशा स्वयंसेविका

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा स्वयंसेविका ही त्याच गावातील स्त्री असते. तिला नियमित वेतनाऐवजी मानधन व कामनिहाय मोबदला मिळतो. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत नवजात बालकाच्या सहा गृहभेटींसाठी २५० रुपये ठरवण्यात आले. घर रस्त्यालगत असो वा डोंगरावर, दर एकच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. महाराष्ट्रातील आशांनी मात्र २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप केला. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने मासिक मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

महत्त्व

गौरवाने मोबदल्याची उणीव भरून निघत नाही, हे या घटनाक्रमातून दिसते. दुर्गम वाडीत ओळखीची सेविका काम सोडून गेल्यास केवळ एक पद रिक्त होत नाही. तिच्या भरवशावर रुग्णालयापर्यंत येणारी गरोदर माताही आरोग्यसेवेपासून दुरावण्याचा संभव असतो.