टेबलावरची गिटार

गिटार गळ्यात अडकवायची असते, हे शेंबडे पोरही सांगेल. पण १९६५ साली लंडनमध्ये कीथ रो याने ती टेबलावर आडवी निजवली! गडी चित्रकला शिकलेला. जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवी, त्यावरून ही कल्पना सुचलेली. तारांवर नाना वस्तू घासायच्या. जोडीला रेडिओ, त्यावर त्या क्षणी जे लागेल ते वादनात सामील.

लू गेअर, एडी प्रेव्हो, लॉरेन्स शेफ हे त्याचे साथीदार. चौघेही मूळचे जाझवादक. मंडळीचे नाव ‘एएमएम’. आधी ठरवलेली चाल नाही, ताल नाही. कोणता आवाज कोणाचा, हेच पुष्कळदा कळेनासे होई. मेहनतीने कमावलेली स्वतःची ओळख अशी चौघांत विरघळू देणे सोपे नव्हे, महाराज! १९६६ मध्ये कॉर्नेलियस कार्ड्यू येऊन मिळाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये या पाचांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले.