आंबले म्हणजे बिघडले का? आंबट बिअरचा इतिहास

इडलीचे पीठ सकाळी आंबून वर आले की घरात समाधान असते. पण रात्री बाहेर राहिलेले वरण आंबले, तर आपण ते टाकून देतो. क्रियापद एकच, निकाल मात्र उलटे. दोन्ही भांड्यांत काम केले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी. पीठ ‘झाले’ आणि वरण ‘गेले’ हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही; ते आपण ठरवतो. हा भेद मनात ठेवून पुढील टिपण वाचा.

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रक्रिया-नियंत्रण शिकवतो. काही वर्षांपूर्वी बेल्जियमची आंबट बिअर पहिल्यांदा चाखली, तेव्हा बाटली खराब निघाली असेच मला वाटले. चव लिंबाच्या सरबताच्या जवळची, वास जुन्या लाकडाचा, कडवटपणा जवळजवळ नाहीच. बहुतेक नवख्यांची पहिली प्रतिक्रिया अशीच असते. ‘बिअर आंबट नसते’ हे आपल्याला इतके पक्के का वाटते, याचे उत्तर इतिहासात आहे. ही समजूत जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

जुन्या काळची बिअर

बिअर म्हणजे बार्लीला मोड आणून, ती वाळवून, तिचा गोड काढा करायचा आणि त्यात हॉप्सची फुले उकळून तो आंबवायचा. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यीस्ट म्हणजे नेमके काय, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. ब्रुअरीत आधीच्या खेपेचा फेस किंवा गाळ पुढच्या खेपेत घालत, आपण दह्याला विरजण लावतो तसे. त्या विरजणात यीस्टबरोबर दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणूही असत. ताजी बिअर गोडसर-कडू लागे. लाकडी पिंपात महिनोन्महिने ठेवलेली हळूहळू आंबट होई. कमी-अधिक आंबटपणा हा बिअरच्या वाट्याला नेहमीच येई. काही ठिकाणी तर तोच हवा असे: बर्लिनची गव्हाची बिअर, लाइपझिगची मीठ-धने घातलेली गोझं आणि पश्चिम फ्लँडर्सची तांबडी बिअर ही त्याची उदाहरणे.

आंबटपणा ‘आजार’ कसा ठरला

१८५६ मध्ये फ्रान्समधील लील शहरात बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची काही पिंपे आंबू लागली. त्याने लुई पाश्चर यांची मदत घेतली. चांगल्या पिंपातल्या थेंबात यीस्टच्या गोलसर पेशी दिसत. बिघडलेल्या पिंपात त्याहून खूप लहान, वेगळ्या आकाराचे जीव दिसले. १८५७ मध्ये पाश्चर यांनी दुग्धाम्ल-किण्वनावरील निबंध मांडला आणि १८७६ मध्ये बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात आंबटपणाची गणना बिअरच्या ‘आजारां’त झाली आणि त्या आजाराचा कारक जीवही दाखवला गेला.

पुढचा टप्पा कोपनहेगनमध्ये घडला. कार्ल्सबर्ग ब्रुअरीचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली होती. तेथे एमिल क्रिश्चियन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. कार्ल्सबर्गने हे तंत्र स्वतःपुरते न ठेवता इतर ब्रुअऱ्यांना खुले केले. त्याच सुमारास यांत्रिक शीतकरण आले. शुद्ध यीस्ट, थंड तळघर आणि पाश्चरीकरण यांमुळे प्रत्येक बाटली मागच्या बाटलीसारखी निघू लागली. आज तुम्हाला ‘साधी’ वाटणारी सोनेरी बिअर ही या यशाची निष्पत्ती आहे.

हे यश खरेच मोठे होते, हे विसरू नका. खेपच्या खेप वाया जाणे म्हणजे धान्य, इंधन आणि मजुरी वाया जाणे. पण या यशाबरोबर एक गृहीतकही पसरले: यीस्टचे निवडलेले वाण सोडून बाकी सगळे जीव म्हणजे दूषण.

ते गृहीतक कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत सैल झाले. नील्स येल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये जाहीर केले की, दीर्घकाळ मुरवलेल्या इंग्लिश बिअरची खास चव एका निराळ्या, सावकाश काम करणाऱ्या यीस्टमुळे येते. त्याला त्यांनी ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. तेथेच १९०९ मध्ये सोरेन सोरेनसेन यांनी पीएच मापनश्रेणी मांडली. साध्या बिअरचा पीएच साधारण ४.३ आणि आंबट बिअरचा ३.३ धरला, तर हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते. आंबटपणा हद्दपार करणाऱ्या आणि आंबटपणा मोजणाऱ्या दोन्ही पद्धती अशा एकाच छताखाली जन्मल्या.

सेन नदीचे खोरे

ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटेनलँड हा भाग या लाटेत पूर्ण वाहून गेला नाही. तेथील बिअरला लॅम्बिक म्हणतात. तिच्यात सुमारे एक तृतीयांश मोड न आणलेला गहू असतो. हॉप्स मुद्दाम जुने, कडवटपणा उडून गेलेले घेतात. ते चवीसाठी नसून जिवाणूंना आवर घालण्यासाठी असतात. काही तास उकळलेला काढा माळ्यावरच्या उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. विरजण घालत नाहीत. हवेतून आणि पुढे पिंपाच्या लाकडातून जे जीव येतील, तेच काम करतात.

पिंपात या जीवांची जणू पाळी लागते. पहिल्या महिन्यात आतड्यातील जिवाणूंच्या कुळातले काही जीव वाढतात. मग नेहमीचे यीस्ट त्यांना मागे टाकून अल्कोहोल तयार करते. काही महिन्यांनी दुग्धाम्लाचे जिवाणू येतात आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस उरलेली साखर सावकाश संपवते. याला एक ते तीन वर्षे लागतात. नंतर एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण बाटलीत भरतात. तरुण लॅम्बिकमधली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस येतो. या मिश्रणाला गझ म्हणतात. आंबट चेरी घालून मुरवलेल्या प्रकाराला क्रीक.

म्हणजे येथे नियंत्रण नाही असे समजू नका. ते फक्त दुसऱ्या जागी आहे. जीव निवडता येत नाहीत, म्हणून ऋतू निवडतात: साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. पिंपे सारखी निघत नाहीत, म्हणून चाखून मिश्रण करतात. व्हिनेगरकडे झुकलेले पिंप येथेही बाद होते. आंबलेले आणि बिघडलेले यांतली रेषा येथेही आहे, फक्त निराळ्या जागी आखलेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांची जीभ गोड पेयांकडे वळली. अनेक ब्रुअऱ्या बंद पडल्या; काहींनी गझमध्ये साखर घालून ती विकली. ब्रसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेल्या काँतियाँ ब्रुअरीने १९७८ मध्ये आपल्या चालू कारखान्यालाच संग्रहालयाचे रूप दिले, तेव्हा ही पद्धत लवकरच फक्त संग्रहालयात उरेल अशी भीती निराधार नव्हती. १९९७ मध्ये लॅम्बिक उत्पादकांनी होराल ही संघटना स्थापन केली. पुढे अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनीही उघडी पात्रे बसवली आणि जगभर नवे चाहते मिळाले.

धोका मात्र टळलेला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्री उबदार राहिल्यामुळे काँतियाँला काम थांबवावे लागले. काढा पुरेसा लवकर निवला नाही, तर नको ते जीव आधी मातात. पाश्चर आणि हॅन्सन यांच्या शास्त्रातून वाचलेली ही बिअर आता तापत्या हवेपुढे उभी आहे, आणि हवा शुद्ध वाणासारखी प्रयोगशाळेत जपून ठेवता येत नाही.

स्वतः करून पाहा

यासाठी बिअर लागत नाही. इडलीच्या पिठालाही बहुतेक घरांत विरजण लावत नाहीत; उडीद-तांदळावरचेच जीव ते आंबवतात. पीठ वाटल्यावर आणि नंतर दर तीन तासांनी पीएच-पट्टीने मोजा, शेजारी वास आणि फुगवटा नोंदवा. थंडीत आणि उन्हाळ्यात दोनदा करा. थंडीत आपण पीठ उबेला ठेवतो, तर लॅम्बिकवाले थंड रात्रीची वाट पाहतात. असे का, ते तुमच्या नोंदींवरून लिहा. शेवटी पीठ कोणत्या क्षणी ‘झाले’ आणि कोणत्या क्षणी ‘गेले’ ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा आणि तो आकडा पट्टीवर सापडतो का, ते पाहा.