दैवताआधीं भरलेली जत्रा

आपल्याकडे जत्रा भरते ती एखाद्या दैवताची. आधीं दैवत, मग देऊळ आणि त्यामागून माणसांचा मेळा, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेंतील एका खेळाच्या इतिहासांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. तेथें जत्रा आधीं भरली. आणि ज्या खेळामुळें ती जगभर गाजली तो खेळ मागून, त्या जत्रेंतील एका ओळखींतून, जन्मास आला. 'जेन कॉन' हें त्या जत्रेचें नांव.

बैठ्या युद्धखेळांची परंपरा जुनी आहे आणि तिचें मूळ आपल्याच देशांत सांपडतें. चतुरंगाचा पट भारतांतून इराण-अरबस्तानमार्गें युरोपांत गेला व तेथें त्याला बुद्धिबळाचें आजचें रूप आलें. १७८० सालीं हेल्विग नांवाच्या जर्मन पंडितानें त्या पटाचा विस्तार करून त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना यांची लढाई मांडली. १८२४ सालीं राइस्विट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ आपल्या सैन्यापुढें ठेवला. त्यांत दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निकाल देण्यासाठीं एक पंच बसे. या पंचाला आपण विसरूं नये. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे. १९१३ सालीं तर एच्. जी. वेल्स या नामांकित लेखकानें खेळण्यांतील सैनिकांच्या लढाया कशा खेळाव्या यावर एक पुस्तकच लिहिलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत असे खेळ छापून विकले जाऊं लागले. परंतु हा छंद असलेला मनुष्य आपल्या गांवांत बहुधा एकटाच असे. जोडीदार दूरच्या शहरांत, आणि डाव चाले तो पोस्टानें! एक चाल लिहून धाडावी आणि उत्तराची वाट पाहत बसावें.

विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या लहानशा गांवीं राहणारा गॅरी गायगॅक्स हा अशांपैकींच एक. तो विम्याच्या धंद्यांत नोकरी करी. १९६७ सालीं त्यानें कांहीं समानधर्मी मंडळी आपल्या घरीं जमविली. घर अपुरें पडलें, तेव्हां पुढच्या वर्षीं त्यानें पन्नास डॉलर भाडें भरून गांवांतील उद्यानविद्येचें सभागृह एका दिवसापुरतें घेतलें, आणि २४ ऑगस्ट १९६८ रोजीं एक डॉलर प्रवेशमूल्य ठेवून पहिली जत्रा भरविली. सुमारें शंभर लोक आले. नांवांतहि एक कोटी होती. 'कन्व्हेन्शन' म्हणजे संमेलन आणि करारहि. युद्धाचे नियम ठरविणारा जिनीव्हा करार प्रसिद्धच आहे, आणि गांवाचें नांवहि जिनीव्हाच!

दुसऱ्या वर्षींच्या जत्रेंत गायगॅक्सची गांठ मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन या तरुण विद्यार्थ्याशीं पडली. शिडाच्या जहाजांच्या लढाया हा दोघांच्या आवडीचा विषय. त्यावर दोघांनीं मिळून नियम लिहावयास घेतले. इकडे गायगॅक्सनें जेफ पेरेन याच्यासह 'चेनमेल' हें मध्ययुगीन लढायांच्या नियमांचें पुस्तक १९७१ सालीं प्रसिद्ध केलें व त्याच्या अखेरीस मांत्रिक आणि नागासुर यांनाहि जागा दिली. तिकडे मिनेसोटांत डेव्ह वेस्ली यानें एक निराळाच प्रयोग करून पाहिला होता. खेळाडूला सैन्य न देतां त्यानें प्रत्येकाला एकेका माणसाची भूमिका दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. आर्नेसननें तीच युक्ति 'ब्लॅकमूर' या कल्पित प्रदेशांतील किल्ल्यांत आणि त्याखालच्या भुयारांत नेली, आणि १९७२ च्या अखेरीस लेक जिनीव्हास जाऊन हा डाव गायगॅक्सला खेळून दाखविला.

गायगॅक्सची नोकरी तोंवर सुटली होती; घराच्या तळघरांत जोडे दुरुस्त करून तो संसार चालवीत होता. अशा स्थितींत त्यानें त्या डावाचे नियम लिहून काढले, आणि जानेवारी १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. पहिल्या खेपेस प्रती निघाल्या अवघ्या एक हजार.

या खेळांत पट असलाच पाहिजे असें नाहीं, आणि शेवटीं कोणी एक जिंकतो असेंहि नाहीं. चारपांच मंडळी मेजाभोवतीं बसतात. एक जण पंच होऊन पडक्या किल्ल्याचें व तेथील राक्षसांचें वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक होऊन आपण आतां काय करणार तें सांगतात. धाडस फळास येतें कीं अंगाशीं येतें, हें चारपासून वीस पैलूंपर्यंतच्या फाशांवर ठरतें. राइस्विट्झच्या पंचाचा असा कथेकरी झाला!

पहिल्या आवृत्तीवर दोघांचीं नांवें होतीं. परंतु पैसा आला तशीं मनें दुरावलीं. आर्नेसननें १९७९ सालीं रॉयल्टीसाठीं कंपनीवर फिर्याद केली आणि १९८१ सालीं तडजोड झाली. गायगॅक्सच्या हातूनहि ती कंपनी १९८५ सालीं गेली. खरा जनक कोण, हा वाद अद्यापि चालतो. मला वाटतें, आर्नेसनच्या कल्पनेवांचून लिहिण्यास कांहीं नव्हतें, आणि गायगॅक्सच्या लेखणीवांचून ती कल्पना मिनेसोटाबाहेर क्वचितच गेली असती. परंतु या दोघांना एकत्र आणणारी ती शंभर माणसांची जत्रा कोणत्याहि फिर्यादींत पक्षकार नव्हती.

जत्रा मात्र टिकली. ती १९७८ सालीं केनोशाजवळच्या विद्यापीठांत, १९८५ सालीं मिलवॉकीस आणि २००३ सालीं इंडियानापोलिसला गेली. मूळ कंपनी १९९७ सालीं विकली गेली. जत्रेचेहि धनी बदलले. २००८ सालीं तर कर्जापायीं तिला न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला; पुढच्या वर्षीं ती त्यांतून सुटली. याच सुमारास, मार्च २००८ मध्यें गायगॅक्स आणि एप्रिल २००९ मध्यें आर्नेसन, दोघेहि निवर्तले. २०२० सालीं महामारीमुळें माणसांना एकत्र जमतां आलें नाहीं. २०२१ सालीं तीं पुन्हां जमलीं, आणि २०२३ सालीं त्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली.

एवढ्या गर्दींतहि खेळ चालतो तो चारपांच जणांच्या मेजावरच, आणि पुष्कळदां तीं माणसें परस्परांस त्याच दिवशीं प्रथम भेटलेलीं असतात. १९६८ सालीं लोक एक डॉलर देऊन सभागृहांत शिरले तेव्हां हा खेळ अस्तित्वांतहि नव्हता. पोस्टाची वाट न पाहतां समोर बसून डाव मांडील असा कोणी भेटावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती इच्छा त्या जत्रेनें आजवर पुरविली आहे.