हातभर उंचीवरील संकट

विमानविद्येच्या इतिहासांत मेघमंडळांतील पराक्रमांना मोठा मान आहे. हेलिकॉप्टरच्या इतिहासांत मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर घडलेल्या घटनांनाही तितकेंच महत्त्व द्यावें लागतें.

ईगॉर सिकोर्स्की यांनीं १४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंतील स्ट्रॅटफर्ड येथें आपलें व्हीएस-३०० हें यंत्र दोरांनीं बांधून प्रथम उचललें. त्याच वर्षीं डिसेंबरांत वाऱ्याच्या झोतानें तें उलटून मोडलें. मोकळें उड्डाण १३ मे १९४० रोजीं झालें. पुढें १९४६ सालीं बेल-४७ या यंत्रास अमेरिकेंत नागरी वापराचा दाखला मिळाला. १९७९ सालीं फ्रँक रॉबिन्सन यांच्या दोन आसनी आर-२२ यंत्रासही तो मिळाला आणि अल्प खर्चांत हेलिकॉप्टर शिकण्याची सोय झाली. नवशिक्यांसमोर मात्र एक जुनेंच संकट उभें होतें: जमीन सोडतांनाच यंत्र कुशीवर कोसळण्याचें.

याचें कारण यंत्राच्या रचनेंत आहे. हवेंत तरंगणारें हेलिकॉप्टर आपल्या गुरुत्वमध्याभोंवतीं कलतें. परंतु ज्या दोन लांब नळ्यांवर तें उभें राहतें, त्यांपैकीं एक चिखलांत रुतली, बर्फांत गोठली किंवा तिला बांधलेला दोर सोडावयाचा राहिला, तर यंत्र त्या अडकलेल्या नळीभोंवतीं फिरूं लागतें. डोक्यावरील पंख्याचा जोर त्यास आणखी कलवितो. कल साधारण ५ ते ८ अंशांपलीकडे गेला, म्हणजे उजव्या हातांतील दांडा विरुद्ध दिशेस पूर्ण नेऊनही यंत्र सांवरत नाहीं.

वैमानिकाची चूक येथेंच होते. जमिनीपासून सुटावें या ओढीनें तो डाव्या हातांतील दांडा वर खेंचतो. पंख्याचा जोर वाढतो, आणि एकदोन सेकंदांत यंत्र उलटतें. खरा उपाय उपजत बुद्धीच्या अगदीं उलट आहे. तो दांडा संथपणें खालीं करावा, म्हणजे पंख्याचा जोर ओसरतो व यंत्राचें स्वतःचें वजनच त्यास पुन्हां जमिनीवर बसवितें. हें घाईनें केल्यास मात्र यंत्र दुसऱ्या कुशीवर जाण्याचा धोका असतो.

रॉबिन्सन कंपनीनें १९८२ सालीं वैमानिकांस याविषयीं लेखी इशारा दिला. शिक्षकही नवख्यास प्रथम यंत्राचा भार हलका करून क्षणभर थांबावयास लावतात. दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत अशी खात्री पटल्यावरच पुढें उचलावयास सांगतात. त्या क्षणाच्या धीरावर पुष्कळदां दोन जीव अवलंबून असतात.